ट्रेल मोठी की पक्की रन?

पासष्टच्या सप्टेंबरात लढाई पेटली तेव्हापासून गुणवंतराव दारूगोळ्याच्या कारखान्यात बारा-बारा तास राबत होते. युद्धबंदीला महिना झाला तरी पाळ्या सैल झाल्या नव्हत्या. भाऊबिजेला मात्र अर्ध्या दिवसाची सुट्टी मिळाली आणि चेरीताल मोहल्ल्यातल्या घरात जेवणं आटोपताच सतरंजी पसरली गेली. त्यांच्या पत्नी इंदिराबाईंचे थोरले भाऊ भय्यासाहेब ओवाळून घ्यायला शहराच्या दुसऱ्या टोकाच्या गढ्याहून आले होते. तीन पत्तीत त्यांचा हात धरणारा अख्ख्या गढ्यात कुणी नव्हता.

पैशांऐवजी चिंचोके होते. गुणवंतरावांनी आणि त्यांच्या लेकीने, सुमेधाने, पत्ते टाकून डाव सोडला, तरी भावा-बहिणीची चाल वाढतच गेली. इंदिराबाईंचा चेहरा लाल झाला होता. शेवटी त्यांनी पत्ते उघडले. बदामाची पंजी, छक्की, सत्ती! एकाच रंगाचे ओळीने तीन. पक्की रन!

"वा इंदू!" म्हणत भय्यासाहेबांनी आपले पत्ते सावकाश उलटले. तीन दुर्र्या. ट्रेल.

"काहून असं होते माझ्याचसोबत?" इंदिराबाई जवळजवळ रडकुंडीला आल्या. "जन्मात पहिल्यांदा पक्की रन आली, अन् ती पण हरली!"

"ट्रेलहून दुर्मीळ काही नसते, इंदू. म्हणून तर ती सगळ्यांत मोठी."

सुमेधा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती, गणित घेऊन. आईचा चेहरा पाहून तिला वाईट वाटलं, पण त्याहून जास्त मामांचं ते वाक्य खटकलं. दुर्मीळ, पण किती? कुणी मोजलंय? तिने कॅलेंडरचं जुनं पान ओढलं आणि पाठीमागे लिहायला लागली.

"काय करून राहिली ग?" वडिलांनी विचारलं.

"थांबा बाबा, एकच मिनिट." बावन्न पत्त्यांतून तीन उचलायचे. बावन्न गुणिले एक्कावन्न गुणिले पन्नास, भागिले सहा. "बावीस हजार एकशे! इतक्या तऱ्हेने हात येऊ शकतो. आता ट्रेल. चार दुर्र्यांतून तीन घ्यायच्या म्हणजे एक सोडायची. चार तऱ्हा. असे तेरा आकडे. तेर चोक बावन्न."

"अच्छा, बावीस हजारांत बावन्न," मामा खूश होऊन म्हणाले. "बघ, सांगितलं होतं ना?"

"आता पक्की रन." तिने बदामाचे तेरा पत्ते सतरंजीवर ओळीने मांडले. एक्का-दुर्री-तिर्री, दुर्री-तिर्री-चौकी... बोट पुढे सरकत राणी-राजा-एक्क्यावर थांबलं. बारा. तिने पुन्हा मोजलं. बाराच.

"रंग चार. बारा चोक अठ्ठेचाळीस," ती हळूच म्हणाली आणि मग एकदम ओरडली, "मामा, अठ्ठेचाळीस! पक्की रन ट्रेलपेक्षा दुर्मीळ आहे! आई, तुझा हात मोठा होता!"

गुणवंतराव लोडावरून उठून बसले. भय्यासाहेबांनी चष्मा लावला, ती ओळ स्वतः मोजली आणि त्यांचे डोळे चमकले. "एक राहिली की! राजा-एक्का-दुर्री. तेर चोक बावन्न. बरोबरी!"

"चालणार नाही, दादा," इंदिराबाई ताडकन बोलल्या. "मागच्या दिवाळीत मी तेच पत्ते दाखवले तर तुम्हीच म्हणाले, ये कोई रन है क्या? पूर्ण डाव घेऊन गेले माझा!"

गुणवंतराव इतके हसले की त्यांना ठसका लागला. भय्यासाहेबांनी समोरचा चिंचोक्यांचा ढीग दोन्ही हातांनी बहिणीकडे लोटला. "तीस वर्षं खेळून राहिलो, हे कोणी सांगितलंच नाही. घे, तुझाच आहे."

"नको. तेव्हा जुना नियम होता, मी हरले. आता नव्या नियमाने वाटा." ढीग परत त्यांच्याकडे गेला.

पत्ते पिसले जात असताना सुमेधा लिहीतच होती. तिला थांबवत नव्हतं. एका रंगाचे तीन, साधी रन, जोडी, सगळं वजा केलं आणि उरलेला आकडा पाहून ती चकित झाली. "शंभरात चौऱ्याहत्तर वेळा हातात काहीच नसतं. जोडीसुद्धा नाही!"

"दादांच्याही?" इंदिराबाईंनी विचारलं.

"सगळ्यांच्याच."

पुढच्या डावात इंदिराबाईंनी पत्ते बघितले, आणि शांतपणे चाल दुप्पट केली. मग पुन्हा दुप्पट. मामांनी बहिणीकडे रोखून पाहिलं, मिशी चाचपली. "पुन्हा पक्की रन आली की काय तुला?"

"बघायचं असेल तर चाल द्या, दादा."

भय्यासाहेबांनी हार मानून पत्ते टाकले. नव्वीची जोडी होती! इंदिराबाईंनी आपले पत्ते उलटले: तिर्री, सत्ती, गुलाम. तीन वेगळ्या रंगांचे, कशाचा कशाला मेळ नसलेले.

क्षणभर कुणालाच कळेना. मग सुमेधा टाळ्या पिटत उठली, गुणवंतरावांनी "शाबास!" म्हणून मांडीवर थाप मारली, आणि भय्यासाहेब दोन्ही हात डोक्याला लावून हसत सुटले.

"चलो, पुन्हा वाटा," ते म्हणाले. "अन् सुमे, तो कागद इकडे आण. माझ्याजवळ बसून नीट समजावून सांग."