रुसव्याची गाडी

“दोघींतली कोनती भारी?” असं विचारत घनश्यामनं निळ्या गाडीच्या टाकीवर थाप मारली. बैलबाजारात बैलाच्या पाठीवर मारतात तशी.

यवतमाळच्या त्या शोरूममध्ये दोन मोटारसायकली शेजारी शेजारी उभ्या होत्या. एक काळी, एक निळी. दोघींच्याही अंगावर प्लॅस्टिकचा आडोसा नव्हता. इंजिन, पाइप, सांगाडा सगळा उघडा. दुधाच्या कॅना वाहणाऱ्या गाड्यांपेक्षा चांगल्या दणकट, पण हायवेवरच्या राक्षसी गाड्यांइतक्या मोठ्याही नव्हेत. काळी एका सिलिंडरची, अंगानं हलकी, सीट बुटकी. निळी दोन सिलिंडरची, खांद्यात रुंद, जाग्यावरून ढकलायची तरी दम लागावा अशी.

गोपाल उत्तर द्यायची घाई करत नव्हता. दिग्रसच्या कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर म्हणून त्याचा जन्म गेला होता, आणि घनश्याम त्याच्या धाकट्या बहिणीचा, लीलाचा नवरा. तोंडावर ‘जवाईबापू’ आणि ‘तुमी’, मनात मात्र नुसता घनश्याम, आणि त्यापुढे एखादी शिवी. इतक्या वर्षांत ही रीत मोडली नव्हती.

घनश्यामच्या मुलीचं, खुशीचं लग्न तोंडावर आलं होतं. मुलगा आयुष, वाशीमकडे नोकरीला. मागणं काही नाही, असं त्या लोकांनी बैठकीतच सांगितलं होतं. पण चार दिवसांपूर्वी खुशीचा मोबाईल चार्जिंगला लावला होता, तेव्हा घनश्यामला त्यात दोन गाड्यांचे फोटो दिसले. आयुषनं पाठवलेले. बस, गड्याची झोप उडाली. मुलीला असलं विचारायचं नसतं, आणि व्याह्यांना विचारणं म्हणजे आपणच मागणी काढून देणं. शिवाय न बोलता मागायची कला घनश्यामइतकी कुणाला ठाऊक असणार?

त्यानं स्वतःच्या लग्नात तेच केलं होतं. पंगत बसली, ताटाभोवती रांगोळी, उदबत्त्या, आणि नवरदेव हात आवरून बसला. रुसलेल्या जावयाला मनवायच्या रीतीसाठी, रुसव्याला, चांदीची अंगठी तयार होती, पण नवरदेवाची नजर अंगठीकडे नव्हती. ती मांडवाबाहेर उभ्या असलेल्या मोटारसायकलकडे होती, गोपालच्या. जिनिंगच्या पगारातून घेतलेली ती जुनी गाडी गोपालनं स्वतः इंजिन खोलून उभी केली होती आणि टाकीला स्वतः रंग दिला होता. घनश्याम एक शब्द बोलला नाही. नुसता बघत राहिला, आणि त्याच्यासोबत सगळी पंगत अन्न निववत बसून राहिली. शेवटी गोपालच्या बापानं पोराच्या खिशात हात घालून किल्ली काढली आणि हात जोडून म्हणाला, “जेवा जवाईबापू.”

बाप पुढे फार जगला नाही, आणि जगला तोवर पोराच्या नजरेला नजर देऊ शकला नाही. गोपालनं पुन्हा मोटारसायकल घेतली नाही. लोकांना वाटायचं, चिक्कू आहे. तो सायकलनं जिनिंगला जात राहिला आणि मनातला विस्तव फुंकत राहिला.

आता तोच घनश्याम दोन गाड्यांच्या मध्ये घाम पुसत उभा होता. “तुमाले गाड्यातलं समजते, गोपालभाऊ. पोट्ट्याच्या मनात कोनती असन?” त्यानं विचारलं.

गोपालला हे ठाऊक होतं. कालच खुशीनं फोनवर हसत हसत सांगितलं होतं, की आयुष स्वतःसाठी गाडी घेतोय. कोणती घेऊ म्हणून त्यानं तिलाच फोटो पाठवून विचारलं, आणि तिनं काळी सांगितली. काळीवर तिचेही पाय जमिनीला टेकतात, तिलाही शिकायची आहे. आयुषनं काळी बुकही करून टाकली. म्हणजे मागणी नव्हतीच. एका वाक्यात घनश्याम मोकळा झाला असता, आणि ते वाक्य गोपालच्या जिभेवर होतं.

ते त्यानं गिळलं. आधी त्यानं निळ्या गाडीवर बसून बघितलं. हँडल रुंद होतं, गुडघे टाकीला बरोबर लागले, आणि सेल्सवाल्यानं इंजिन चालू केलं तेव्हा आतून घुमारा आला, तसा हा म्हातारा होत चाललेला माणूस पोरासारखी मूठ पिळून बघू लागला. आपली असती तर, असं त्याला वाटलं. त्याचा त्याला रागच आला. तो उतरला.

“निळी,” तो म्हणाला. “आजकालच्या पोट्ट्यायले हेच पाह्यजे. आन किल्ली तुमच्या हातानं द्या जवाईबापू, पंगतीत. रीत आहे ते.”

घनश्यामनं मान हलवली. परतीच्या बसमध्ये गोपालला खिडकी मिळाली होती. दिग्रस येईपर्यंत तो एकटाच हसत होता.

लग्नाच्या दिवशी तो दारव्ह्याला उतरला आणि घनश्यामच्या गावाच्या फाट्यापर्यंत जीपनं गेला. तिथून पायी वाट शेतातूनच होती. कपाशी उपटून रान मोकळं झालं होतं. घनश्यामच्या शेताच्या बांधाशी, धुऱ्याशी, आल्यावर त्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. सावली नव्हती. धुऱ्यावरचे साग गेले होते, नुसते बुंधे उरले होते, कापलेली जागा अजून ओली.

ते साग लीलाचे होते. नवी नवरी होती तेव्हापासून तिनं त्या रोपांना विहिरीवरून घागरीनं पाणी नेलं होतं. भाऊबीजेला आलेल्या गोपालला ती प्रत्येक वर्षी तिकडे न्यायची आणि झाड किती वाढलं ते हाताने दाखवायची. पुढे हात पुरेना तेव्हा मान वर करून दाखवायची. खुशीच्या घरातला पलंग याच लाकडाचा करीन म्हणायची.

गोपाल तिथं थांबला. निळ्या गाडीचे पैसे या सागांतूनच आले होते. आपण घनश्यामला भाजायला निघालो आणि विस्तव लीलाच्या पदराला लावला, हे त्याला कळलं. झाडं तर परत येणार नव्हती, पण भर पंगतीतली फजिती अजून टाळता येत होती. गेल्या गेल्या घनश्यामला बाजूला घ्यायचं आणि सांगून टाकायचं, असं ठरवून तो झपाझप निघाला.

मांडवात घनश्याम दिसला नाही. गोपाल त्याला शोधत मागच्या गोठ्याकडे गेला. तिथं टिनाच्या छपराखाली, गुरांच्या कुटाराच्या ढिगाला टेकून, त्याची जुनी मोटारसायकल उभी होती. चाकं नव्हती. सीटवर कोंबड्या बसत होत्या. टाकी कापून तिच्यात गुरांसाठी सरकीची ढेप भिजत घातली होती, आणि काठाशी त्यानं दिलेला लाल रंग अजून ओळखू येत होता.

“अरे गोपालभाऊ, इकडं कायले?” घनश्याम मागून आला. डोक्याला फेटा, चेहरा उतरलेला. “गाडी आली. ताडपत्रीखाली ठेवली. खुशीले मालूम नाई अजून.”

गोपालनं टाकीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. “चांगलं केलं,” तो म्हणाला.

अक्षता पडल्या, आणि पंगत बसली. हल्ली उभ्यानं जेवायची पद्धत आली असली, तरी नवरदेवाची पंगत मात्र घनश्यामनं जुन्या रीतीनं मांडली होती. गोपालला मामा म्हणून मानाची जागा मिळाली, नवरदेवाच्या बरोबर समोर. पानावर वरण-भात, आलूवांग्याची भाजी आली. घनश्याम ताट घेऊन पुढे झाला. ताटात हळदकुंकू, आणि लाल फीत बांधलेली किल्ली.

“जेवा जवाईबापू,” तो म्हणाला. त्यानं ताट आयुषसमोर धरलं.

पण आयुषनं तोवर पहिला घास घेतला होता. तो गडबडून उठू लागला. ही कशाची किल्ली, असं त्यानं विचारलं, आणि बाहेर पोरांनी ताडपत्री ओढली तेव्हा झेंडूच्या माळा घातलेली निळी गाडी त्याला दिसली. त्यानं हात जोडून सांगितलं, की बाबा, मी काही मागितलं नव्हतं, माझी गाडी मी घेतली आहे, काळी, आणि ही मला घेता येणार नाही. पोरगा खरंच भला होता. भलेपणानंच त्यानं घनश्यामला भर मांडवात उघडं पाडलं.

कुणीतरी हसलं. घनश्याम ताट धरून उभाच राहिला. हेच तर गोपालला बघायचं होतं: तो माणूस हात पुढे करून उभा, आणि घेणारा कुणी नाही. त्याच्या काळजाला थंडावा मिळाला. अगदी मिळाला, खोटं कशाला.

तेवढ्यात आयुषशेजारी बसलेली खुशी म्हणाली, “बाबा, मामाले तं म्या तवाच फोनवर सांगतलंतं. मामा, तुमी सांगतलं नाई काय?”

तिला काही कळलं नव्हतं. ज्यांना कळायचं त्यांना कळलं. घनश्याम वळला आणि गोपालच्या पानापाशी आला. भांडला नाही. वाकून त्यानं ताटातली किल्ली उचलली आणि पत्रावळीच्या काठावर ठेवली.

“तवा गाडी तुमचीच घेतली होती म्या,” तो हळू म्हणाला. “आपल्यातलं फिटलं. पन झाडं तिचे होते, गोपालभाऊ.”

तो गेला. पंगत जेवू लागली. गोपालचा हात मात्र मांडीवरून उठेना. घास उचलावा तर किल्ली मध्ये येत होती, आणि ती उचलून खिशात टाकायची त्याची हिंमत नव्हती. बाजूच्या पानावरचा एक म्हातारा गमतीनं ओरडला, की नवरदेव जेवून राह्यला आन मामा रुसला. सगळे हसले.

लीला बुंदी वाढत ओळीनं येत होती. त्याच्यासमोर ती थांबली. तिनं किल्लीकडे पाहिलं, निवलेल्या भाताकडे पाहिलं. भावाकडे पाहिलं नाही.

“जेव दादा,” ती म्हणाली.

बाप किल्ली देताना म्हणाला होता तसंच, त्याच आवाजात. बुंदीची मूठ पानावर पडली आणि ती पुढच्या पानाकडे सरकली. किल्लीची लाल फीत वरणात भिजत होती.