तीनदा विणलेला स्वेटर

मी एक जुना लोकरी स्वेटर आहे, मित्रांनो. रंग करडा, गळा गोल, डाव्या कोपराला बुजवलेलं भोक. एवढं मी छातीठोकपणे सांगू शकतो. पण माझ्या आयुष्याची सुरुवात नेमकी कुठून करावी, इथेच घोडं अडतं. सुईवर पहिला टाका पडला तेव्हा मी जन्मलो म्हणावं, तर त्याच्या आधीचंही मला आठवतं. एक गरम पाठ आठवते. ओल्या गवताचा वास आठवतो. कचकच चाललेली कात्री आठवते. मग मी पोत्यात होतो आणि ती पाठ माझ्याखाली नव्हती. ती कुठे गेली, हे मला कोणी सांगितलं नाही.

मला धुतलं, कातलं, विणलं ते आत्याने. ती कपडे धुण्याच्या दुकानात कामाला. यंत्रं घरघरत असायची आणि ही बाई बाकावर बसून सुया चालवायची. तिच्या भावाला मुलगी झाली होती, म्हणून आधी माझं टोपरं आणि झबलं झालं. ते घातलं की पोर अगदी मेंढीच्या पिल्लासारखी दिसायची, म्हणून तिचं नावच पडलं कोकरू. कोकरू वाढलं की आत्या मला उसवायची, वाफेवर धागा सरळ करायची आणि थोडी नवी लोकर जोडून पुन्हा विणायची. असा मी तीनदा विणला गेलो. उसवताना जीव नकोसा व्हायचा, खोटं कशाला बोलू? पण शाळेच्या वाटेवर बायका कोकराला थांबवून माझी वीण चिमटीत धरून बघायच्या, तेव्हा मी सगळं विसरायचो.

मग कोकरू शिकायला बाहेरगावी गेलं आणि मी गेलो पेटीत. तिथे मला कसर लागली. किडा तो केवढा, पण माझं कोपर फस्त केलं त्याने! आधी फार राग आला. मग वाटलं, त्याचं तरी काय चुकलं? त्याला भूक होती. आणि मी तरी दुसऱ्याच्याच अंगावरून आलेलो ना? विचार करकरून डोकं दुखलं असतं, पण मला डोकं नाही, नुसता गळा आहे.

परवा दुपारी पेटी उघडली. कोकराला एका थंड गावच्या इस्पितळात नर्सची नोकरी लागली होती. मला उसवून चौथ्यांदा तिच्या मापाचा विणायचा, असं आत्याच्या मनात होतं.

"आत्या, मी लोकर नाही गं घालत आता," कोकरू म्हणालं. "मटण सोडलं तेव्हा हेही सोडलं."

आत्याचा चेहरा पडला. "अगं, मेंढीचे केसच ना ते? तुझे नाही का कापत?"

"माझे केस कापल्यावर मला कोणी खात नाही."

"मग थंडीत काय तत्त्वं पांघरणार? ते तुझं प्लॅस्टिकचं जाकीट, ते काय झाडाला लागतं?"

आत्या बोलली की मला आत्याचं पटायचं, कोकरू बोललं की कोकराचं. माझा पार गोंधळ उडाला. दोघी मला मधे धरून बसल्या होत्या आणि मी कोणाच्या बाजूचा, हे मलाच कळेना.

मग कोकराने विचारलं, "ही मेंढी पुढे कुठे गेली गं?"

आत्या माझी बाही चाचपत राहिली. "तू झालीस त्या आनंदात तुझ्या बाबांनी सगळ्यांना जेवायला बोलावलं होतं. घरामागे तीच एक होती. सकाळी मीच तिची लोकर उतरवली. म्हटलं, एवढी तरी वाया जायला नको." ती थांबली. "गरीब होती बिचारी. कात्री चालू होती आणि माझ्या तळहातावरचं मीठ चाटत होती."

मित्रांनो, मला आपलं वाटायचं, माझी आई कुठेतरी चरत असेल, तिला नवी लोकर फुटली असेल. त्या हातांचा मला राग यायला हवा होता. पण त्याच हातांनी मला जन्मभर जपलं, कधी गरम पाणी लागू दिलं नाही. राग येईना आणि मायाही करवेना. असं का व्हावं?

"नाव काय होतं तिचं?" कोकराने विचारलं.

"ठेवलंच नव्हतं. नाव दिलं की मग सुरी चालत नाही."

आत्याने माझी बाही सोडली आणि हळूच म्हणाली, "टाकून देऊ का हा?"

"नको."

"मग घालशील?"

"नाही."

"अगं बाई, मग करायचं तरी काय याचं?"

"मला माहीत नाही, आत्या," कोकरू म्हणालं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "आधी हे भोक बुजवायला शिकव."

दोघींनी मिळून माझं कोपर सांधलं. कोकराचे टाके वेडेवाकडे आले, तरी आत्याने ते उसवले नाहीत. मग कोकराने मला घडी करून स्वतःच्या बॅगेत ठेवलं. घालणार नाही म्हणाली, पण नेलं.

शेवटी काही शिकवण द्यावी म्हणतात. जुन्या कपड्यांची काळजी घ्या, असं सांगणार होतो. पण काळजी माझी घ्यायला हवी होती की माझ्या आईची? एवढंच मागतो, मित्रांनो. अंगात काही चढवाल, ताटात काही वाढून घ्याल, तेव्हा ते कोणाचं होतं, एवढं विचारा. उत्तर कळल्यावर काय करायचं, ते मला ठाऊक नाही. तुम्हाला उमगलं तर कोकराला सांगा, मी तिच्या बॅगेतच आहे.