वाऱ्याला आडवी भिंत

आबा गेले तेव्हा ते बांधत असलेल्या सावित्रम्माच्या घराच्या भिंती खिडकीच्या उंचीला आल्या होत्या. १९३४ चा फेब्रुवारी. ताप चार दिवस होता. चौथ्या दिवशी दुपारी त्यांनी मला विचारलं, "मागची भित कितीवर आली गं?" मी सांगितलं. तेच त्यांचं शेवटचं बोलणं.

आबा गवंडी होते. सोलापुरात त्यांना कोंडीबा चिनी म्हणत. तरुणपणी ते इंग्रजांच्या पलटणीत गवंडीकाम करायला होते आणि सन एकोणीसशेच्या लढाईत त्यांची तुकडी चीनला गेली होती. लढाईबद्दल ते फारसं सांगत नसत. सांगायचे ते एका म्हाताऱ्याबद्दल. तिन्त्सिन शहराजवळच्या खेड्यात ज्या घराच्या अंगणात त्यांची राहुटी होती, त्या घराचा तो मालक. गावात कुणी घर बांधायला काढलं की म्हाताऱ्याला बोलावणं यायचं. तो जागेवर जायचा आणि दिवसभर नुसता बसायचा. वारा कुठून येतो, पाणी कुठं वाहून जातं, ऊन कुठं रेंगाळतं, एवढंच बघायचा. भाषा एकमेकांना कळत नव्हती. तरी आबा सुटीच्या दिवशी त्याच्याशेजारी जाऊन बसायचे. म्हातारा काठीनं मातीत रेघा ओढायचा, आबा त्या बघायचे. सहा महिने हे चाललं.

या विद्येला आबा 'वारापाणी' म्हणत. हा शब्द त्यांनी स्वतःच केलाय असं मला वाटायचं. पुढं पुण्यात शिकत असताना एका इंग्रज प्रवाशाच्या पुस्तकात वाचलं, की त्या शास्त्राच्या चिनी नावाचा अर्थच वारा आणि पाणी असा होतो. मी पत्रानं कळवलं. आबांनी शेजाऱ्याकडून उत्तर लिहवून घेतलं: 'मग दुसरं काय असणार?'

आमचं स्वतःचं घर अक्कलकोटच्या रस्त्याला, गावाच्या कडेला आहे. फाटकातून आत आलं की समोर पुरुषभर उंचीची एक सुटी भिंत लागते. तिला वळसा घातल्याशिवाय दार दिसत नाही. तिथून दारापर्यंतची वाट सरळ नाही. ती डाळिंबाला डावीकडं टाकते, हौदाच्या कडेनं वळते आणि मग पायरीला लागते. न्हाणीचं पाणी दगडी पन्हाळीतून केळीत जातं. मे महिन्यात दुपारी गल्लीतल्या बायका निवडायचं धान्य घेऊन आमच्या सोप्यात येऊन बसतात. हौदावरून येणारा वारा तिथं पोचेपर्यंत निवलेला असतो.

आई आल्यागेल्याला सांगायची, "लगीन होऊन आले तवा मला वाटलं, ह्यो माणूस याडा हाय. दारासमोर भित कोण बांधतं? पावणा आला तर टाळकं आपटून माघारी जाईल."

"जाऊ दे की," आबा म्हणायचे. "तेवढाच सयपाक कमी."

मला त्यांचं सगळ्यात कौतुक वाटायचं ते वेगळ्याच गोष्टीचं. म्हाताऱ्यानं शिकवलं होतं की घराची पाठ उत्तरेला असावी, कारण तिकडं थंडी उत्तरेकडून येते. आबांनी सोलापुरात एकही घर तसं बांधलं नाही. "तिकडं उत्तरेची थंडी मारती, हितं पश्चिमेची झळ मारती," ते म्हणायचे. "मग पाठ कुणाकडं करायची? ज्यानं मारलं त्याच्याकडं की!" मोठमोठ्या पुस्तकांची भाषांतरं मी वाचली आहेत. परका विचार इतक्या सहज आपल्या मातीत उतरवलेला क्वचितच पाहिला.

त्यांना लिहिता येत नव्हतं. नकाशा ते आधी जमिनीवर कोळशानं काढत आणि मी तो कागदावर उतरवून घेई. माझा नवरा लग्नानंतर वर्षभरातच वारला. मला घरी आणून आबांनी पुण्याला शिकायला धाडलं. लोक बोलले तेव्हा म्हणाले, "माझ्या कागदाला माणूस लागतंय." आता मी मुलींच्या शाळेत शिकवते. सावित्रम्माच्या घराचा नकाशाही माझ्याच हातचा होता. त्यांचा शेवटचा.

तेराव्यानंतर आबांचा जोडीदार पीरसाब आला. तीस वर्षं दोघांनी एका ओळंब्यावर काम केलं होतं. तो ओट्यावर बसला, आईनं दिलेलं पाणी प्यायला, आणि खाली बघत म्हणाला, "बेटी, काम अडक्या है. वो बाई मागचा दरवाजा सरकाव बोलती."

सावित्रम्मा म्हणजे नरसय्या विणकराची बायको. तेलंगणातून आलेली माणसं. भाड्याच्या खोलीत माग चालवून आता पहिल्यांदा स्वतःचं घर बांधत होती. घर पूर्वाभिमुख होतं. पुढचं दार पूर्वेला मधोमध, आणि मागचं दार आबांनी पश्चिमेच्या भिंतीत चार हात दक्षिणेला सरकवलं होतं. दोन दारं कधी समोरासमोर ठेवायची नाहीत, हा म्हाताऱ्याकडून आलेला नेम त्यांनी एकाही घरात मोडला नव्हता. समोरासमोर दारं ठेवली की वारा घरात थांबत नाही, तीरासारखा निघून जातो. पश्चिमेची झळ मागावर आली तर सूत कोरडं पडतं आणि तटातट तुटतं. नरसय्याला हे पटलं होतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी नकाशा घेऊन गेले. सावित्रम्मा विटांच्या ढिगावर बसली होती. चाळिशीची, काटक, नाकात दोन्हीकडं चमकी.

"दार सरळ पाहिजे, मास्तरीणबाई," ती म्हणाली. "पुढच्या दारात उभं राहिलं की मागचं दार दिसाया पाहिजे. आमच्यात असंच असतंय."

मी तिला वारा समजावला. सूत समजावलं. नकाशावर बोट ठेवून दाखवलं.

"कागदाला काय कळतंय, अम्मा? कागद राहणाराय का घरात?"

"हे आबांनी ठरवलंय," मी म्हटलं. "नरसय्यांनी हो म्हटलं होतं."

"त्यांचं काय! ते मागाच्या खड्ड्यात बसून धोटा मारणार. त्यांना दार पुढं काय, मागं काय, वर छपराला काय!" बाजूला उभा असलेला नरसय्या हसला आणि तिनं त्याच्याकडं बघताच हसायचा थांबला. "सरळ होत नसंल तर तुमीच राहा ह्या घरात. मी न्हाय येत."

मी नकाशाची घडी घातली. म्हटलं, "मग काम असंच राहू दे."

घरी येताना माझा राग शांत होता, पण पक्का. आबांचं शेवटचं घर कुणाच्या रूढीपायी बिघडू द्यायचं नाही. काम थांबलं तर त्यांच्या हातचं म्हणून दाखवायला मागं अर्धवट भिंती राहतील, बदललं तर दुसऱ्याचं घर राहील. तिसरं काही मला दिसत नव्हतं.

आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. "आसं कर," ती म्हणाली, "तूच लगीन लाव त्या घराशी." मग हात थांबवून म्हणाली, "त्यांच्या मनासारकं झालं पायजे, हे मला बी वाटतंय. पर राहणार ती हाय."

आठवडा गेला. पीरसाब रोज संध्याकाळी येई, बसे, जाई. एकदा निघताना म्हणाला, "उस्ताद रहते तो पैले पुछते, कायको सीधा होना. तू पुछी क्या?"

मी विचारलं नव्हतं. मी सगळं सांगितलं होतं.

मार्चअखेरीला सकाळची शाळा सुरू झाली. पहिल्याच दिवशी मी जवळची वाट म्हणून विणकरांच्या गल्लीतून निघाले. उजाडत होतं. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणा पसरला होता, म्हणजे मागावर चढवायचं उभं सूत. शेकडो धागे खांबाखांबाला ताणलेले आणि सावित्रम्मा कुंच्यानं त्यांना खळ लावत चाललेली. पेजेचा आंबूस वास येत होता. ती पुढं जाई, मागं येई, तुटलेला धागा बोटांच्या टोकांनी गाठून परत ओळीत बसवी.

मागून बैलगाडी आली.

"ए बाई, उचल तुझी गोधडी!" गाडीवान ओरडला. "रस्ता काय बापाचा हाय व्हय?"

"बापाचा असता तर तुला सोडला असता का रे!" ती ओरडली, पण नरसय्यानं आणि तिनं ओला ताणा उचलून भिंतीशी धरला. गाडी गेली. तोवर ऊन गल्लीत आलं होतं आणि त्यामागून धुळीची एक वावटळ. ओल्या खळीवर धूळ बसली. ताणा परत पसरला तेव्हा वीसेक धागे लोंबत होते. तिनं शिव्या दिल्या नाहीत. एकेक धागा उचलू लागली.

मी पाटीची पिशवी भिंतीशी ठेवली आणि तिच्याजवळ गेले. "याच्यासाठी सरळ दार पाहिजे?"

तिनं वर बघितलं. "मग काय देवासाठी? पुढच्या अंगणात एक टोक, घरातनं आत, मागच्या अंगणात दुसरं टोक. गाडी न्हाय, गाय न्हाय, कुणाच्या बापाचा रस्ता न्हाय. बावीस वर्षं गल्लीत उभी हाय मी."

"आबांना का नाही सांगितलंत?"

"त्यांनी ह्यांना इचारलं. ह्यांनी माग सांगितला." तिनं नवऱ्याकडं हनुवटी केली. "खळ लावायचं काम बाईचं. ते कोण सांगतंय?"

म्हणजे आबांकडून एक प्रश्न राहून गेला होता. जागेवर दिवसभर बसणाऱ्या माणसाकडून. मला वाईट वाटलं, आणि मग बऱ्याच दिवसांत पहिल्यांदा ते मला माणूस म्हणून आठवले, नेमाचे धनी म्हणून नाही.

त्या रविवारी मी सकाळपासून त्या जागेवर बसले. आईनं भाकरी बांधून दिली होती. दहापर्यंत वारा नव्हता. अकराला पश्चिमेकडून आला, आधी झुळकीझुळकीनं, मग सरळ. मागच्या भिंतीच्या मधोमध दार असतं तर तो खरंच तीरासारखा आत गेला असता. आबा चुकले नव्हते. सावित्रम्माही चुकली नव्हती. वाऱ्याला घरात न अडवता घराबाहेर अडवता येईल का, एवढंच उरलं.

दुपारी मी पीरसाबला विचारलं, "आमच्या फाटकातली आडवी भिंत इथं मागं घातली तर?"

त्यानं दाढी खाजवली. "दरवाज्याच्या समोर भिंत, तो ताणा किधर जाएगा? सर पे?"

"भिंत दूर घालायची. घरापासून अकरा हातांवर. ताण्याचं टोक भिंतीलाच बांधायचं. खुंट्या भिंतीतच बसवू."

"इत्ता दूर? वारा ऊपर से कूद के आता, बेटी."

"बघू या."

त्यानं दोन बांबू रोवले आणि मजुरांकडून दोन घोंगड्या घेऊन त्यांच्यामध्ये ताणल्या. सावित्रम्मानं अकरा हातांच्या त्या जागेत ठिकठिकाणी काठ्यांना सूत लटकवलं, वारा कळावा म्हणून. पीरसाबचं खरं निघालं. वारा घोंगड्यांवरून उडी मारून नेमका मध्ये उतरत होता आणि दोन्ही कडांनी वळून येत होता. आम्ही घोंगडी हातभर वर घेतली. कडेचं थांबेना. शेवटी सावित्रम्मानंच एका बाजूचा बांबू उपटला आणि घराच्या दिशेनं आत रोवला, मग दुसरा. घोंगड्यांची टोकं पदरासारखी आत वळली. काठ्यांवरचं सूत मंद हलू लागलं.

"आता पाणी," मी म्हटलं. हौद भिंतीच्या आतल्या अंगाला, ताण्याच्या रेषेच्या उत्तरेला धरला, म्हणजे वरून उतरणारा वारा त्याच्यावरून यावा. बाहेरच्या अंगाला तीन कडुलिंब. ते मोठे होईपर्यंत झटपट वाढणाऱ्या शेवऱ्या.

पीरसाब जमिनीवर बसून सगळं ऐकत होता. "उस्ताद ने ऐसा कभी नै किया," तो म्हणाला.

"बरोबर नाही?"

"मैं ऐसा कब बोला? कागद निकाल."

मी जुन्या नकाशावर दुरुस्ती केली नाही. तो घडी घालून ट्रंकेत ठेवला आणि नवा कागद घेतला. पश्चिमेच्या भिंतीत मधोमध दार काढताना हात थोडा थांबला, मग रेघ पुरी केली.

एप्रिलच्या मध्यात मागचं जुनं दार बुजून मधोमध नवं आलं, आडवी भिंत उभी राहिली, हौदात पाणी पडलं. घरावर अजून पत्रे चढायचे होते तरी सावित्रम्मा थांबली नाही. मला निरोप आला: उद्या पहाटे या. मी गेले तेव्हा ताणा पुढच्या अंगणातून दोन्ही दारांतून मागच्या अंगणातल्या आडव्या भिंतीपर्यंत गेला होता, घराला आरपार टाका घालावा तसा. ती खळ लावत जात होती. या वेळी तिला घाई नव्हती. उन्हं वर आली. बाहेरच्या शेवऱ्या हलू लागल्या, हौदावर बारीक लाटा उठल्या. मी धाग्यांकडं बघत राहिले. ते थरथरत होते, एवढंच.

एक तुटला. थोड्या वेळानं आणखी एक.

"दोन," मी म्हटलं.

"दोन काय तुटणं हाय व्हय!" सावित्रम्मा म्हणाली. तिनं गाठी मारल्या आणि पुढच्या अंगणातल्या टोकाकडं मान हलवली. खुंटी सैल झाली होती. "नुसतं बघताय काय, मास्तरीणबाई? धरा तिकडं."

मी धरलं. ओल्या सुताला इतकी ओढ असते हे मला ठाऊक नव्हतं. दोन्ही हातांनी धरून पाय रोवावे लागले. माझ्या जागेवरून घर आरपार दिसत होतं. पुढचं दार, मागचं दार, आणि पलीकडं ती भिंत. तिच्या कडेला पीरसाब उकिडवा बसून विडी ओढत होता. तो माझ्याकडं बघत नव्हता, वळलेल्या टोकाचा ओळंबा डोळ्यानं बघत होता.

खळ सुकेपर्यंत साडेआठ वाजून गेले. शाळेत पोचले तेव्हा मुलींचा दुसरा तास चालू होता आणि माझ्या हातांना पेजेचा वास येत होता. मोठ्या बाई दारातच भेटल्या. गेल्या दोन महिन्यांत त्या माझ्याशी जरा हळूच बोलत.

"घरी काही...?" त्यांनी विचारलं.

"आबांचं एक काम राहिलं होतं," मी म्हटलं. "आज झालं."