एकोणिसाव्या मजल्याचं दार

आमच्या पिनांगच्या बत्तीस मजली इमारतीत सेफ्टी मॅनेजर म्हणजे ज्याचं कोणी ऐकत नाही असा पगारी माणूस. तो मी. जिन्यात सायकली ठेवू नका, चपलांची कपाटं ठेवू नका, सांगून सांगून घसा बसला. त्यात चिनी पंचांगाचा सातवा महिना आला, पितर घरी यायला लागले, की माझं डोकंच फिरतं.

एकोणिसाव्या मजल्यावरच्या ग्योक सुआन आंटी हा अख्खा महिना जिन्याचं फायर डोअर तांदळाचा डबा लावून उघडं ठेवायच्या. नवरा जन्मात कधी लिफ्टमध्ये चढला नाही, जिन्यानेच यायचा. शेवटी शेवटी हातात जोर राहिला नव्हता त्याच्या. आताही तो जिन्यानेच येणार आणि एवढं जड दार त्याला ढकलवणार नाही, असं त्यांचं म्हणणं. गेलेल्या माणसाला दार आडवं येत नाही, मी म्हणालो.

"मग त्याला जेवायला तरी कशाला वाढायचं? उपाशीही राहील की," आंटी म्हणाल्या.

कपाळ माझं! चेअरमन टेओंकडे गेलो. जिन्यात धूर झाला आणि हे दार उघडं असलं, तर सगळा मजला गुदमरेल, हे त्यांना किती वेळा सांगितलं. म्हातारीला दुखवू नका, महिनाभराचा तर प्रश्न आहे, एवढंच त्यांचं उत्तर.

शेवटी परवा दुपारी माझी सहनशक्ती संपली. आंटी बाजारात गेल्या होत्या. रागारागाने डबा उचलला, दार धाडकन लावलं आणि डबा ऑफिसात नेऊन ठेवला.

त्याच संध्याकाळी सतराव्या मजल्यावरच्या एका शहाण्याने, खाली वारा आहे म्हणून, पितरांना पोचवायचे कागदी पैसे जिन्यातच जाळले. तिथे कोणीतरी टाकलेल्या जुन्या गादीने पेट घेतला. जिना वरपर्यंत धुराने भरला. एकोणिसाव्यावर मात्र आंटींसकट सगळे सुखरूप. हे दार लागलेलं होतं म्हणून वाचलात, असं अग्निशमनवाल्यांनी सांगितलं. चेअरमननी अशी मान डोलावली, जणू दार त्यांनीच लावलं होतं. असा संताप आला!

काल आंटींकडे गेलो. एकदा तरी कुणी 'बरं केलंस' म्हणावं असं वाटत होतं, खोटं कशाला बोलू? त्या टेबलापाशी बसल्या होत्या. नवऱ्यासाठी वाढलेला भात वाडग्यात सुकून गेला होता.

"दार तू लावलंस?"

"हो, आंटी."

"लावायच्या आधी जिन्यात डोकावून बघितलंस? वर येत नव्हता ना तो?"

कोणी नव्हतं, असं सांगायला मी तोंड उघडलं. पण मी बघितलंच नव्हतं.