भांडाराच्या नावावरचा पत्ता

रुग्णालयातले नवे संगणक नेटवर्कवर पत्ता मिळताच त्यापुढे आपलं नाव स्वतः नोंदवतात. जुन्यांना ते जमत नाही; तो पत्ता आधी ज्या संगणकाकडे होता, त्याचंच नाव तिथे राहतं. जुन्यांची नोंद सर्व्हरनं करावी, हे सेटिंग आमचे वरिष्ठ, दादा, लांबवत होते.

आज एका पत्त्यावरून व्हायरस पसरू लागला. सर्व्हरनं नाव दाखवलं, भांडार.

“तोडून टाक ताई. भांडारातल्या खोक्यांना काय कळतंय?” दादा म्हणाले.

“आधी फोन करते, दादा.”

“तुझं सगळंच सोवळ्यातलं,” म्हणत, हसत त्यांनीच त्या पत्त्याची जोडणी तोडली.

मी फोन लावला तेव्हा भांडारातली बाई म्हणाली, “आमचा संगणक तर छान चालू आहे.”

दादांचं हसू मावळलं. म्हणजे तोडलेला पत्ता एखाद्या जुन्या संगणकाचा होता, आणि जुने संगणक आता फक्त अतिदक्षता विभागात होते, रुग्णांच्या श्वासावर लक्ष ठेवणारे. देवाचं नाव घेत मी तिथला नंबर फिरवला. कुणी उचलेना.