टोक नसलेली होडी

होड्या बांधणाऱ्या मिस्त्रीचं एकच म्हणणं होतं आणि ते ऐकून घरच्यांचे कान किटले होते. शर्यतीच्या होडीला पुढे टोक नको. टोकदार तोंड लाट कापतं हे कबूल, पण वाऱ्याने होडी एका अंगावर कलली की तेच निमुळतं तोंड पाण्यात घुसतं आणि वेग मरतो. त्यापेक्षा तोंड रुंद, बोथट ठेवा आणि तळ सपाट. मग कललेल्या होडीची अख्खी कूस पाण्याला लागते, तोंड लाटेवर चढून बसतं, आणि पाण्याला लागलेली कूस जितकी लांब तितका वेग जास्त. एवढी साधी गोष्ट, पण वीस वर्षं सांगून एकाच्याही गळी उतरली नाही.

शेवटी त्याने तशी होडी बांधलीच. समोरून बघावं तर आडवं पाडलेलं कपाट. धक्क्यावरची माणसं पोट धरून हसली. मिस्त्रीच्या बायकोचा थोरला भाऊ शर्यतीचा पंच होता. तो म्हणाला, "मिस्त्री, हिला दारं कधी बसवताय?" मिस्त्रीने दातओठ खात सुकाणू आपल्या मुलीच्या हाती दिलं. पोरगी बापावर गेलेली, एक नंबरची हट्टी. होडी एकटीने हाकायची.

शर्यतीला वारा झकास होता. कपाट कललं, कुशीवर पडलं आणि असं सुटलं की विचारू नका. बाकीच्या होड्या लाटांत नाक खुपसत पाव तास मागे राहिल्या. मिस्त्रीचा ऊर भरून आला. आता हसा म्हणावं, असं तो मनात दहा वेळा म्हणाला.

पण होडी पोचल्याची शिट्टी काही वाजली नाही. मिस्त्री धापा टाकत पंचाच्या खोलीत गेला. खोली वरच्या मजल्यावर, खिडकीच्या काचेवर एक उभी काळी रेघ, आणि त्या रेघेशी एक डोळा मिटून बसलेला मेहुणा.

"टोक आलं नाही," पंच म्हणाला.

"अहो दादा, अख्खी होडी गेली तुमच्या डोळ्यांदेखत."

"होडी गेली, नाही कोण म्हणतंय? पण नियम असा आहे की होडीच्या टोकाने रेघ ओलांडली की वेळ लिहायची. तुमचं टोक आलं की लिहितो."

होडी पोचली नाही, म्हणजे शर्यत चालू. आणि शर्यत चालू असताना जो जमिनीवर पाय ठेवेल तो बाद. पोरीने धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर नांगर टाकला आणि सांगितलं, "मी उतरणार नाही." सगळ्यांना वाटलं, संध्याकाळपर्यंत येईल ताळ्यावर.

ती आली नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या आईने दोरीने डबा पोचवला. जेवण ही बाहेरची मदत धरू नये, असं पंचाने लेखी दिलं. शेवटी मामाच तो. त्याने तोडगाही सुचवला, की एक लाकडी टोक ठोका आणि पुन्हा या रेघेवरून. मिस्त्री म्हणाला, जीव गेला तरी नाही.

तिसऱ्या दिवशी रंधा मारता मारता मिस्त्रीचा हात थांबला. टोकावाचून होडी पोचत नसेल, तर ती निघाली कशी? निघतानाही टोकानेच रेघ ओलांडायची असते. म्हणजे पोरगी शर्यतीत नव्हतीच, आत्ता उतरली तरी हरकत नाही. पण मग ती जिंकलीही नाही, आणि बोथट तोंडाचं नाव पुन्हा कुणी काढणार नाही. मिस्त्रीने विचार गिळला आणि रंधा पुढे चालवला.

नवव्या दिवशी पोरगी खोकायला लागली. खोकला धक्क्यापर्यंत ऐकू यायचा. बायकोने मिस्त्रीपुढे ताट ठेवलं आणि म्हणाली, "तुमचंच खरं होतं, मी गावभर सांगते. पण माझी लेक मला घरात हवी आहे." मिस्त्री ताटावरून उठला, चपला न घालताच पंचाकडे गेला आणि म्हणाला, "दादा, ती निघालीच नव्हती." आणि सगळं समजावून सांगितलं.

पंचाला ते इतकं पटलं की त्याने तिथल्या तिथे नाव खोडलं. दुसऱ्या नंबरची होडी पहिली झाली.

पोरीला उतरवायला मिस्त्री स्वतः वल्ही मारत गेला. धक्क्यावर पाय टेकताच ती झोकांडली, नऊ दिवसांत पायांना जमिनीची सवय उरली नव्हती. मिस्त्रीने तिला दंडाला धरून चालवलं. चालता चालता खाली बघतच तो म्हणाला, "मला हे तिसऱ्या दिवशीच सुचलं होतं. मी बोललो नाही. माझं चुकलं."

पोरगी खोकली, नाक पुसलं आणि म्हणाली, "मला दुसऱ्याच दिवशी सुचलं होतं, बाबा."