टण्ण न वाजणारा टायर

मी दीक्षाच्या गाडीचा पुढचा डावा टायर बोलतोय. काळा, गोल आणि थोडासा गर्विष्ठ. आम्ही चौघं भाऊ, पण बोलायची खोड मला एकट्यालाच आहे.

जन्म दक्षिणेतल्या एका कारखान्यात झाला. तिथून ट्रकमध्ये एकावर एक रचून आम्हाला कोल्हापुरात आणलं आणि सम्मेदच्या दुकानात फळीवर बसवलं. माणसं टायर कसा पारखतात ठाऊक आहे? आधी अंगठ्यानं दाबतात, मग लाथ मारतात आणि मान हलवून चहाला जातात.

एके दिवशी दीक्षा वडिलांना घेऊन आली. ती चंदगड तालुक्यातल्या एका छोट्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर. सोमवारी जायचं, शनिवारी घरी. तिच्या विजेच्या गाडीचे जुने टायर पार गुळगुळीत झाले होते. वडील अण्णासो एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. चंदगडचा पाऊस त्यांनी उभा जन्म अंगावर घेतलेला. त्या पावसात लेकीनं एकटीनं गाडी हाकावी, हे त्यांना मुळीच पसंत नव्हतं.

“ह्यो घे,” ट्रॅक्टरच्या भावकीतल्या एका दांडग्या टायरवर त्यांनी हात ठेवला. “चिखलात पाय रोवून हुभा ऱ्हातोय बघ.”

“काका, त्यो लई गरजतोय, आन् बॅटरी बी खातोय,” सम्मेद म्हणाला. मग त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. “ह्यो बारमाही हाय. ऊन असू दे न्हाय तर पाऊस.”

अण्णासो वैतागून चहाला गेले. नेमकं तेव्हाच सम्मेदनं पुढचं सांगितलं. “ताई, तुमच्या गाडीला इंजिनाचा आवाज न्हाय, म्हणून टायरचाच कानावर येतोय. ह्याच्या आत स्पंज चिकटवलाय. आवाज पोटातच जिरतोय.”

दीक्षानं मला पसंत केलं. मी एकदम खूश!

घरी गेल्यावर अण्णासोंनी अट घातली. “पयल्या खेपंला मी येणार. गाडी कुठं बी घसरली, की बदलीचा अर्ज करायचा. कबूल?”

“कबूल,” दीक्षा म्हणाली, पण तिचा चेहरा उतरला. तिकडच्या बायका बाळंतपणासाठी तिच्या भरवशावर असायच्या. त्यांना सोडून यायचं तिच्या जिवावर आलं होतं.

सोमवारी पहाटे अण्णासो एकटेच खाली आले. निघण्याआधी टायरवर लोखंडी पाना हाणून बघायची त्यांची एसटीतली सवय. टण्ण वाजला की हवा भरपूर. त्यांनी मला पाना हाणला. पोटात स्पंज असल्यावर मी काय वाजणार? नुसतंच धप्प केलं.

“हवाच न्हाय की!” त्यांनी पायपंप आणला. अहो पुरे, पुरे, मी ओरडत होतो, पण ऐकतंय कोण? चौघांची पोटं टम्म फुगली.

कागलच्या एमआयडीसीपर्यंत मी चेंडूसारखा उड्या मारत गेलो. आजऱ्याच्या पुढं पाऊस झोडपत होता. एका वळणावर जादा हवेनं फुगल्यामुळं माझा नुसता मधला पट्टा रस्त्याला टेकला आणि गाडी हातभर सरकली. दीक्षानं ती सावरून कडेला घेतली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“घसरली,” अण्णासो म्हणाले. जिंकल्याचा आनंद मात्र आवाजात नव्हता.

दीक्षाचे डोळे भरून आले. तशातच तिनं समोरच्या पडद्यावर टायरची हवा बघितली. “अण्णा, एवढी हवा कुणी भरली?”

“धप्प वाजला की त्यो. मला वाटलं, हवा गेलीया.”

दीक्षानं स्पंजचं सांगितलं. अण्णासो आधी ओशाळले, मग पोट धरून हसत सुटले. “म्हंजी टायर शाना, आन् मीच येडा व्हय!”

भर पावसात उतरून त्यांनी एकेकाची हवा सोडली. पडद्याकडं बघत दीक्षा ‘बास’ म्हणाली तेव्हा कुठं थांबले. मला केवढं हलकं वाटलं म्हणून सांगू!

पुढं तीव्र उतार होता, त्यावरून पाण्याचे लोट वाहत होते. मी रस्ता घट्ट धरला. गाडी तसूभर सरकली नाही.

“मग अण्णा, अर्ज करायचा का?” दीक्षानं विचारलं. उत्तराऐवजी बारीक घोरणं ऐकू आलं. तेवढ्यात गाडीतल्या फोनवर तिची आई, ललिताताई.

“कुठवर आलाय?”

“आई, हळू बोल. अण्णा झोपल्यात.”

“झोपल्यात? मग गाडी कोण चालवतंय?”

“मीच की.”

ललिताताईंना नवऱ्याचा स्वभाव ठाऊक होता. दुसऱ्याच्या हाती गाडी असताना या माणसानं उभ्या जन्मात डोळा मिटला नव्हता.

“बरं बाई,” ललिताताई कुजबुजल्या, “ठेवते मी.”

आता चंदगड जवळ आलंय. मागून येणाऱ्या पावण्यांनो, खुशाल पुढं जा. हॉर्न तेवढा वाजवू नका. आत एक ड्रायव्हर झोपलाय.